सहा पंचावन्नचं रक्त

१

शरणप्पांनी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले आणि ते उभेच राहिले. बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

पहिला कागद विमा कंपनीनं करवून घेतलेल्या रक्ततपासणीचा. नाव शरणप्पा, वय सहासष्ट, क्रिएटिनिन चार पूर्णांक एक. दुसरा तीन आठवड्यांनंतरचा, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी करवलेला. नाव तेच, वय तेच, क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ.

“पहिल्यावरून कंपनीनं मला नाकारलं,” ते म्हणाले. “मी हाय खाल्ली. मृत्युपत्राचा कागदसुद्धा आणून ठेवला. मग डॉक्टरांनी परत तपासलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, अप्पा, बिघडलेली मूत्रपिंडं तीन आठवड्यांत अशी धुवून निघत नाहीत. हे पहिलं रक्त तुमचं नाहीच.”

“मग चांगलंच झालं की.”

“पुढचं ऐका. नंतर ते हसायचे थांबले. म्हणाले, ज्याचं असेल त्याला शोधा. त्याच्याकडे फार दिवस नाहीत, आणि त्याला बहुतेक पत्ताही नाही.”

मी चष्मा पुसला. सार्वजनिक वाचनालयात छत्तीस वर्षं मी पुस्तकांना नंबर घातले. जेऊरहून सोलापुरात आलो तेव्हापासून शरणप्पांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. बारीक अक्षरात छापलेलं शेवटपर्यंत वाचायची मला सवय आहे, एवढ्याच पात्रतेवर ते माझ्याकडे आले होते. वाचनालयातून पळवलेलं एक पुस्तकसुद्धा मला कधी परत आणता आलं नव्हतं.

“कुणाचं असेल, काही अंदाज?” मी विचारलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. “रक्त कुणाचं ते ठाऊक नाही. पण अदलाबदल कुणी केली ते ठाऊक आहे. माझ्या विरेशनं.”

२

यात माझाही हात होता, हे आधी सांगायला हवं.

डिसेंबरात शरणप्पांनी घरासाठी आरोग्य विमा घ्यायचं ठरवलं आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. मी आठ दिवस वही भरली. कुटुंबाची एकत्र पॉलिसी म्हणजे सगळ्यांत मिळून एकच रक्कम. ज्याला लागेल त्यानं त्यातून घ्यायची, पण एकानंच सगळी वापरली तर त्या वर्षी बाकीचे कोरडे. वेगवेगळी घेतली तर ज्याची रक्कम त्याची, पण खर्च जास्त. शिवाय एकत्र पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून मी सुचवलं, शरणप्पा आणि चन्नम्मा यांची वेगवेगळी घ्यावी आणि विरेश, सूनबाई, मुलं यांची एकत्र.

“बरोबर आहे काकांचं,” विरेश म्हणाला होता.

“म्हणजे जेवायला एका पंगतीत आणि मरायला वेगळ्या,” शरणप्पा म्हणाले, आणि त्यांनी हट्टानं सगळ्या घराचा एकच अर्ज भरला. त्यांच्या वयामुळे तपासणी आली. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेआधीच्या सोमवारी रक्त घ्यायला माणूस घरी आला. पुढे कंपनीनं शरणप्पांना वगळलं आणि बाकीच्यांना घेतलं. मुलाच्या मनासारखं झालं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. ते कारण माझ्या वहीतून निघालं होतं.

विरेश पेंडीच्या दुकानात पोती मोजून घेत होता. मी अर्धं वाक्य बोललो आणि त्याला सगळं कळलं.

“काका, मी त्या दिवशी सहा वाजल्यापासून इथं ट्रक उतरवत होतो. हमालांना विचारा. आणि बापाच्या नावानं रोग्याचं रक्त पाठवायचं तर आधी रोगी लागतो. तो कुठून आणू? अडत्याकडे मिळतो?”

“मी फक्त विचारतोय.”

“विचारा की. तीन आठवडे अप्पा जाणार म्हणून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता अप्पा चांगले आहेत, तर मी वाईट.” त्यानं पोती पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

घरी चन्नम्मा भाकरी थापत होत्या आणि सून सिद्धेश्वरी शेंगा सोलत होती.

“मी काय बघणार बाबा?” चन्नम्मा म्हणाल्या. “साडेसहा ते साडेसात त्यांची पूजा. हातात इष्टलिंग घेतलं की घराला आग लागली तरी उठायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तो रक्तवाला तासभर बाहेरच्या पडवीत बसला होता. एकटाच. मागून झाडायला गेले तर रक्ताचे दोन बोळे. एका माणसाला दोन बोळे? कापूस काय फुकट येतो?”

“अत्ती, कापूस त्याचाच होता,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“असू दे. कचरा आमचा झाला की.”

“तुम्हाला काही वेगळं दिसलं?” मी सिद्धेश्वरीला विचारलं.

“काही नाही काका. जाताना त्याला स्वतःची चप्पल पायात जाईना. मी म्हटलं, दादा, घाईत आमच्या पोराची घालताय काय? तर हसला बिचारा आणि तशीच फरपटत गेला.”

मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. लिहिलं की समजलं, अशी माझी आयुष्यभराची समजूत आहे.

३

रक्त घेणाऱ्याचं नाव धुळा. बेचाळीस वर्षांचा, मंगळवेढ्याकडच्या धनगरवाडीतला. निळी थंड पेटी मोटरसायकलला बांधून रोज आठ-दहा घरं करायचा. मी निरोप ठेवला तसा दुपारी आला. खुर्ची दिली तर उंबऱ्याला टेकून उभा राहिला.

“साडेसहाला आलो मी. मालक पूजंला बसलेले. थांबलो. साडेसात होऊन गेल्यावर उठले, मग घेतलं की रक्त.”

“नळी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली होती?”

“न्हाय वो. नळी भरली की तितंच नाव आन् वेळ लिवतो. सतरा वर्सं झाली. आता माजा हात मला इचारत बी न्हाय.” मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यानं विचारलं, “मालकांचा रिपोर्ट कसा आला?”

शरणप्पांनी मला कुणाजवळ बोलणार नाही असं वचन द्यायला लावलं होतं. “ते कंपनीलाच माहीत,” मी म्हणालो.

“व्हय, विम्याचे रिपोर्ट थेट तिकडं जात्यात. पैलं आमाला दिसायचे, आता न्हाय दिसत. म्हणून इचारलं.”

भला माणूस आहे, गिऱ्हाइकाची काळजी करतो, असं मला वाटलं.

त्यानं खिशातून चार घड्या घातलेला अर्ज काढला. तो, बायको मायाक्का आणि दोन मुली, अशी चार नावं पेन्सिलीनं लिहिलेली होती.

“काका, तुमी लई वाचलेले. एकत्र घ्यावं का वेगवेगळं? चौघांत एकालाच मोठा आजार निघाला, तर एकत्रमधी बाकीच्यांचं काय?”

“एवढा विचार कशाला करता? तुम्ही धडधाकट आहात, एकत्र पुरेल. पण घाई नको. अर्ज इथंच ठेवा, मी तीन-चार कंपन्या ताडून सांगतो.”

“किती दिस लागतील?”

“पंधरा-एक.”

तो काहीतरी म्हणणार होता. पण त्यानं कपाळ चोळलं. रोज डोकं दुखतं, म्हणाला. माझ्याकडे गुडघेदुखीच्या गोळ्या असतात. मी त्याला एक अख्खी पट्टी दिली. “जेवणानंतर एक. संपली तर हेच नाव सांगून दुकानातून आणा.”

त्यानं पट्टी कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. कुणाला उपयोगी पडल्याचं समाधान मला क्वचित मिळतं. त्या दिवशी मिळालं.

४

शेवटी विरेशच वैतागून म्हणाला, “सगळ्यांचं रक्त तपासा. घरातलंच कुणाचं असेल तर कळेल तरी.”

डॉक्टरांच्या दवाखान्यात विरेश, सिद्धेश्वरी आणि चन्नम्मांनी रक्त दिलं. संध्याकाळी कागद आले. तिघांचंही उत्तम.

शरणप्पांनी तिन्ही कागद घडी घालून खिशात ठेवले. मग मुलाला म्हणाले, “चल, जेवून घे.” माफी मागायची ही त्यांची रीत. विरेश उठला. त्यांच्या घरातलं भांडण त्या रात्री मिटलं.

माझं कोडं मात्र सुटलं नव्हतं. मी तपासणी केंद्रात गेलो. खरं तर आधी अर्धा तास समोरच्या रसवंतीत बसलो आणि मग गेलो. खिडकीवरच्या बाईंनी नोंदी पाहिल्या. त्या दिवशीच्या बाकी सगळ्या नळ्या ज्याच्या त्याला जुळल्या होत्या, आणि एवढं वाईट रक्त दुसरं एकही नव्हतं. म्हणजे अदलाबदल केंद्रात झालेली नव्हती. घरातल्या कुणाचं ते नव्हतं. बाहेरचं कुणी घरात आलं नव्हतं.

मी शरणप्पांना सांगितलं, मला जमलं नाही.

“सोडा हो,” ते म्हणाले. “कंपनीनं चूक मान्य केली. मला घेतायत आता.”

ते सुटले होते. पण ते रक्त ज्याचं होतं तो याच शहरात कुठंतरी होता, आणि त्याच्यासाठी आता कुणीच अडून बसलं नव्हतं. मीही नाही. मी कंपन्या ताडत बसलो होतो. पंधरा दिवसांचे बावीस झाले.

५

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे मी वही आवरायला घेतली. जुनी सवय म्हणून दोन्ही रिपोर्ट अथपासून इतिपर्यंत उतरवत होतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ कुणीही वाचतं. आतला मुद्रकाचा पत्ता उतरवणारे आम्ही थोडे.

पहिल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: नमुना घेतल्याची वेळ, ६.५५.

ते मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. दुसऱ्यांदाही वाचलं होतं.

वर शरणप्पांची पूजा सुरू झाली होती. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चन्नम्मांच्या बांगड्यांचा तेवढा आवाज. मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला पाच मिनिटं कमी होती.

या क्षणी वरच्या माणसाच्या डाव्या तळहातावर लिंग होतं, आणि नजर त्यावरून हलणार नव्हती. त्याच्या दंडाला या वेळी कुणी पट्टा बांधू शकत नव्हतं. त्या सोमवारीही नाही. त्याचं रक्त निघालं साडेसातनंतर. हे धुळानंच सांगितलं होतं. मग सहा पंचावन्नला जी नळी भरली ती शरणप्पांची नव्हती. आणि सहा पंचावन्नला पडवीत सुई होती, पट्टा होता, नळ्या होत्या आणि एकच माणूस होता.

एका माणसाला दोन बोळे नव्हतेच. दोन माणसांना दोन होते.

तासभर पाय सोडून बसल्यावर त्याला स्वतःची चप्पल पायात जात नव्हती. त्याचं डोकं रोज दुखत होतं. आणि सबंध शहरात तोच एक होता, ज्यानं शरणप्पांचा रिपोर्ट कसा आला हे कुणी काही बोलायच्या आधी विचारलं होतं. तो गिऱ्हाइकाची चौकशी करत नव्हता. स्वतःची करत होता. रक्त कुणाचं हे लपवलं त्यानं, पण नळी भरताच सतरा वर्षांच्या हातानं खरी वेळ लिहून टाकली.

मी ‘ते कंपनीलाच माहीत’ म्हणालो होतो. आकडा तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होता.

६

मी लगेच निघालो नाही. हे लिहिताना लाज वाटते.

खणात त्या रिपोर्टशेजारीच धुळाचा अर्ज होता. त्यात एक प्रश्न आहे: यांपैकी कुणाला मूत्रपिंडाचा आजार आहे काय? धुळाला अजून निश्चित काही माहीत नव्हतं. आज अर्ज गेला तर तो ‘नाही’ लिहील आणि ते त्याच्यापुरतं जवळजवळ खरं असेल. त्याला आकडा सांगितला की ‘हो’ लिहावं लागेल, आणि त्याचं नाव कंपनी घेणार नाही. त्याची मूत्रपिंडं वाचवायची तर सांगायला हवं. पॉलिसी मिळवायची तर गप्प बसायला हवं. आधी अर्ज पाठवावा आणि उद्या सांगावं, हा विचार मी नऊ वाजेपर्यंत केला. मग मला कळलं की तो उद्या कधी येईल हे मला ठरवता येणार नाही. तो रिपोर्ट खिशात घालून निघालो.

त्यांची एक खोली होती, वर पत्रा. दार मायाक्कानं उघडलं.

“कामाला गेलं न्हाईत आज,” ती म्हणाली. “रातीपासनं उलट्या. मी म्हनलं डॉक्टरकडं चला, तर म्हनत्यात, मी रोज धा डॉक्टरांची कामं करतो, मला नगं शिकवू.”

धुळा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला. मला पाहून त्यानं बायकोला पाणी भरायला पाठवलं.

“सहा पंचावन्न,” मी म्हणालो.

तो हसला. “वेळ लिवली व्हय मी?”

“लिहिलीत.”

“दातानं पट्टा वढला. एका हातानं घेतलं. थेंब सांडला न्हाय.” त्याला अजून त्याचं कौतुक होतं. “नंतर मालकांची नळी टाकून दिली. म्हनलं, त्यांचं वाईट आलं तरी पैशेवाला माणूस, परत तपासतील, सुटतील.”

“स्वतःच्या नावानं का नाही केलंत?”

“केंद्रात समद्यांनी बघितलं असतं. आजारी माणसाला गाडीवर कोण ठिवतंय? आन् माज्या नावावर आलं की ते माजं झालं. दुसऱ्याच्या नावानं आलं असतं तर मला नुसतं कळलं असतं. चांगलं निघालं तर चौघांची एकत्र घ्यायची. वाईट निघालं तर आपलं नाव सोडायचं, म्हंजी पोरींच्या वाटचं मी खायचो न्हाय. फॉर्मवर खोटं लिवायचं न्हवतं काका. पर ह्या वक्ताला रिपोर्ट दिसलाच न्हाय. तुमाला इचारलं...”

तो तिथंच थांबला. मी रिपोर्ट पुढे केला. त्यानं तो घेतला नाही, लांबूनच वाचला. असे कागद त्यानं हजारो पाहिले होते.

“जानेवारीचा हाय ह्यो,” तो म्हणाला.

७

डॉक्टरांकडे नवा आकडा आला: सात पूर्णांक दोन.

“दोन महिन्यांत एवढं?” डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “काही औषधं चालू होती?”

“डोकंदुखीची,” मायाक्का म्हणाली, आणि पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. चौथी किंवा पाचवी असेल. नाव मी सांगितलेलंच होतं.

डॉक्टरांनी ती उलटीपालटी केली. “आधीच अर्धी गेलेली मूत्रपिंडं या गोळ्यांनी पुरती बसतात. कुणी दिल्या?”

मी तोंड उघडलं.

“म्याच घेतल्या,” धुळा म्हणाला. “दुकानातनं.”

अर्जावर एक शब्द खोटा लिहायला नको म्हणून ज्यानं एवढं केलं, तो माझ्यासाठी सहज खोटं बोलला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उघडलेलं तोंड मिटलं. ते अजून मिटलेलंच आहे.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागेल, डॉक्टर म्हणाले. सरकारी योजनेत होईल, कार्ड काढून घ्या. मूत्रपिंड बदलायचं म्हटलं तर देणारा माणूस हवा. मायाक्का लगेच म्हणाली, माझं घ्या. डॉक्टरांनी दोघांचे रक्तगट विचारले आणि मान हलवली. दुसऱ्या वाटा आहेत, बघू, म्हणाले. ‘बघू’ हा शब्द मी वाचनालयात, यायची नसलेली पुस्तकं मागणाऱ्यांना सांगायचो.

दुसऱ्या दिवशी धुळा आणि मायाक्का माझ्या खोलीत आले. या वेळी तो खुर्चीत बसला. मी नवा अर्ज काढला.

“मग काय ठरलं काका?” त्यानं विचारलं. “एकत्र का वेगळं?”

बावीस दिवसांची ताडाताडी वहीत होती. ती उघडायची गरज नव्हती. “एकत्र,” मी म्हणालो. “तिघींचं.”

मी नावं लिहिली. मायाक्का. मोठी मुलगी. धाकटी मुलगी. चौथी ओळ रिकामी राहिली, आणि रिकामी ओळ ठेवू नये अशी सूचना खाली छापलेली होती. मी पट्टीनं तिच्यावर तिरपी रेघ मारली.

मायाक्काला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. “आन् ह्यांचं?”

“मी वर हाय की,” धुळा म्हणाला आणि अर्जाच्या माथ्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं अर्ज करणाऱ्याचं नाव असतं. त्याचा विमा उतरवलेला असावा लागत नाही. “घेणारा मीच हाय. सही माजीच लागती.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण ते खरं होतं.

मी पेन दिलं. त्यानं सावकाश, सुजलेल्या बोटांनी पूर्ण नाव लिहून सही केली. मग हात थांबला नाही. सहीच्या खाली, जिथं काहीच लिहायचं नव्हतं, तिथं त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लिहिलं: ११.१०.